रातांधळेपणा, न येणारा वास आणि बंद झालेले मासे : दादाच्या डोळ्यांबद्दल

सड्यावरची

नमस्कार मंडळी. हे बरेच महिने मनात होतं. दादाला विचारूनच लिहितेय, लिहिलेलं त्याला वाचूनही दाखवलंय.

दादा माझा मोठा भाऊ, वय ४१. आम्ही देवगड तालुक्यातले. घर सड्यावर, बंदर खाली. बाबांची लहान होडी होती, दादा पुढे दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायचा.

त्याला अंधारात दिसत नाही हे तो सतरा-अठरा वर्षांचा असताना आमच्या लक्षात आलं. जत्रेतलं दशावतारी नाटक पहाटे संपायचं, पोरं पाणंदीतून गप्पा मारत घरी यायची आणि दादा कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून चालायचा. एकदा तो सरळ गडग्यावर जाऊन आदळला, गुडघा फुटला. गावात बोललं गेलं की घेतली असणार. दादाने आजवर दारूचा थेंब घेतलेला नाही. हे मला इथे लिहायचंच होतं.

रातांधळेपणा म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांचं एकच उत्तर ठरलेलं असतं : जीवनसत्त्व कमी पडतंय, मासे खा, दूध-तूप खा. आईने तेच केलं. बांगडे आणि पेडवे रोज त्याच्या ताटात, झोपताना दुधात चमचाभर तूप, आणि औषधाच्या दुकानातून माशाच्या तेलाच्या गोळ्या. वर्षानुवर्षं. मायेपोटी.

२९व्या वर्षी शहरातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा तपासला आणि सांगितलं, "आरपी आहे. पडदा हळूहळू सुकत जाणार. यावर इलाज नाही." पाच मिनिटांत आम्ही बाहेर. दुसरं काही विचारलं नाही, घरातल्या इतरांचं विचारलं नाही, रक्त तपासलं नाही. तेव्हा आम्हालाही काय विचारायचं ते कळत नव्हतं.

पुढची आठ वर्षं नजर कडेकडेने आत सरकत गेली. समोरचं अक्षर तो नीट वाचायचा, पण बाजूला ठेवलेली कळशी त्याला दिसायची नाही. तो स्वतः सांगतो, "करवंटीला भोक पाडून त्यातून बघितल्यासारखं." ट्रॉलर सुटला. गाडी चालवणं सुटलं. त्यात पाय बधिर व्हायला लागले. खाऱ्या पाण्यात उभं राहून झालं असेल असं आम्ही धरून चाललो. नडग्यांची कातडी खवल्यासारखी खरखरीत झाली, तीही मिठाने. टीव्हीचा आवाज वाढत गेला.

मग त्या वर्षीचं नवरात्र. दादा नऊ दिवस कडक उपवास करायचा, दिवसाला एखादं केळं आणि पाणी. सातव्या दिवशी सकाळी तो ओटीच्या पायरीवरून उठायला गेला आणि पायांत जोरच आला नाही. छातीत धडधड. वहिनीने हाक मारली तेव्हा मी पडवीत होते. हाताला धरून उठवलं तर घोट्यांपासून पाय लटपटत होते. आधी जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, तिथून मुंबईला.

मुंबईत मेंदूविकारवाल्यांनी दाखल करून घेतलं. आरपी आहे म्हटल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरना बोलावलं. तरुण मुलगी होती. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब तीनदा घातले तरी दादाच्या बाहुल्या बारीकच राहिल्या. तिने तेही लिहून घेतलं. पडदा बघितला, हातातली बॅटरी बंद केली आणि विचारलं, "तुम्हाला वास येतो का?"

आम्ही गप्प. कारण दादाला वास कधीच आलेला नाही. लहानपणी अंगणात कुजलेल्या कुटीची, म्हणजे मासळीच्या खताची, टोपली असायची, तिच्याशेजारी बसून तो पेज जेवायचा. आई विचारायची, "तुका ह्यो वास येना नाय काय रे?" आणि तो म्हणायचा, "कसलो वास?" मासळीच्या गावात याला कोण आजार म्हणणार? सवय झाली असेल, असं वाटायचं. गेल्या वर्षी घरात गॅस सुटला होता, तेव्हाही तो शेगडीजवळ शांत उभा होता.

मग ती म्हणाली, "चप्पल काढा." डोळ्यांची डॉक्टर पाय बघतेय म्हणून आई चकित झाली. दादाच्या दोन्ही पायांची चौथी बोटं आखूड आहेत, आत ओढल्यासारखी. आई म्हणाली, आमच्या घराण्यातलं ते बोट आहे, आजोबांच्या भावाचंही तसंच होतं. डॉक्टरने कागदावर दोनच शब्द लिहिले : फायटॅनिक ॲसिड.

रिपोर्ट यायला अडीच आठवडे लागले. निरोगी माणसात ते लिटरमागे १० मायक्रोमोलच्या खाली असतं. दादाचं ७०० च्या वर होतं. आजाराचं नाव रेफसम. नंतर जीनची तपासणी झाली, पीएचवायएच नावाच्या जीनच्या दोन्ही प्रतींत दोष निघाला. आईबाबा मामेभाऊ-आतेबहीण आहेत.

आम्हाला जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. फायटॅनिक ॲसिड हा एक चरबीचा प्रकार. आपलं शरीर तो बनवत नाही, तो ताटातूनच येतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी अशी रवंथ करणारी जनावरं हिरवा चारा खातात, त्यांच्या पोटातले जिवाणू हरितद्रव्य फोडतात आणि त्यातून हे तयार होऊन दुधाच्या आणि मांसाच्या चरबीत उतरतं. समुद्रात शेवाळ आणि प्लवंगांपासून ते माशांच्या तेलात येतं. तुमच्या-माझ्या पेशीत ते मोडणारं एन्झाइम असतं, दादाच्या पेशीत ते चालत नाही. त्यामुळे जे येईल ते साठतं : डोळ्याच्या पडद्यात, नसांत, चरबीत, यकृतात. आणि उपवासात शरीर स्वतःची चरबी वितळवून वापरायला लागलं की वर्षांचा साठा एकदम रक्तात उतरतो. सातव्या दिवशी पायरीवर तेच झालं होतं.

म्हणजे आम्ही डोळ्यांसाठी म्हणून जे जे भरवलं, ते सगळं त्याला नको होतं.

दादाच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, पाच वेळा बदलला. नंतर खाणं बदललं. आज तीन वर्षं झाली. नडग्यांची कातडी सर्वांत आधी सुधारली, दोन-तीन महिन्यांत. पायांत जोर यायला वर्ष गेलं, आता तो सड्यावरून बंदरापर्यंत काठी न घेता दिवसा चालत जातो. गेलेली नजर परत आलेली नाही, येणारही नाही. पण तीन वर्षांत दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत ती पुढे घसरलेलीही नाही. हेच जर २९व्या वर्षी कळलं असतं तर किती राहिली असती, हा विचार मी रात्री करते. दादा करत नाही असं म्हणतो.

मला एवढंच सांगायचंय. तुमच्या घरात, वाडीत कुणाला आरपी म्हणून सांगितलं असेल आणि त्याला वासही येत नसेल, तर ही एक रक्ताची तपासणी झाल्याशिवाय "इलाज नाही" हे ऐकून घरी येऊ नका.

माजघर

ताई, वाचून थांबून गेले. तुमच्या आईंचं काय झालं असेल हे वाटत राहिलं. माझ्या सासूबाईंनीही नातवाला चष्मा लागला म्हणून तूप वाढवलंय.

एक विचारते. हरितद्रव्यातून हे येतं म्हणालात, मग पालेभाज्या? टाकळा, अळू, माठ सगळं बंद?

सड्यावरची

आईने दोन महिने मासे शिजवलेच नाहीत, कुणासाठीच. मग दादानेच तिला सांगितलं की बाकीच्यांना कर, मला वास येत नाही त्यामुळे आठवणही होत नाही. त्यानंतर आई चुलीकडे तोंड करून बराच वेळ बसली होती.

पालेभाज्या चालतात, सगळ्या. माणसाच्या आतड्याला हरितद्रव्यातला तो भाग सुटा करता येत नाही, ते काम गाईम्हशींच्या पोटातले जिवाणू करतात. सुरुवातीच्या काळात परदेशात या रुग्णांच्या भाज्याही बंद करायचे, नंतर ते अनावश्यक ठरलं असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं.

बंद काय ते लिहिते, कारण पुष्कळांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलंय. तूप, लोणी, साय, दूध, दही, पनीर, पेढे. बोकडाचं मटण. मासे : आम्हाला सरसकट बंद करायला सांगितले, आणि बांगडा-पेडवे यांसारखे तेलकट मासे तर कधीच नाहीत. घरी साय काढलेलं दूध चालत नाही, त्यात चरबी राहतेच. पाकिटातलं पूर्ण बिनचरबीचं दूध थोडं चालतं. बिस्किटं, केक, चॉकलेट यांच्या पाकिटावर दुधाची पावडर किंवा बटर लिहिलेलं असतं, ते वहिनी भिंग घेऊन वाचते.

चालतं ते आपल्याकडे भरपूर आहे. नारळ! नारळात, शेंगदाण्यात, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात हे ॲसिड नसतं. त्यामुळे नारळाच्या रसातली सोलकढी, कुळथाची पिठी, काजूची उसळ, फणसाची भाजी, आंबोळी, कोंबडी-वडे, अंडी, सगळं येतं. शिरवळे नारळाच्या रसात. गणपतीत उकडीचे मोदक, उकड तेलाचा हात लावून मळलेली आणि वरून तुपाऐवजी रस. पहिल्या वर्षी दादाने अकरा खाल्ले, मी मोजले.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणला डोळ्यांची प्रॅक्टिस करतो. ताई, तुम्ही फार नेमकं लिहिलंत. थोडी भर घालतो.

आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, हे एका आजाराचं नाव नाही. साधारण चार हजारांत एकाला असणाऱ्या, ऐंशीहून जास्त वेगवेगळ्या जीनच्या दोषांमुळे होणाऱ्या बिघाडांचं ते एकत्र नाव आहे. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी आधी जातात, म्हणून आधी रातांधळेपणा, मग कडेची नजर, आणि मधली नजर सर्वांत शेवटी. बहुतेक प्रकारांत आज आमच्या हातात थांबवण्यासारखं काही नाही, हे खरं आहे. पण त्या गर्दीत अगदी थोडे प्रकार चयापचयाचे आहेत आणि त्यांना उपाय आहे. ते थोडे शोधणं आमचं काम आहे. आम्ही ते नेहमी करतो असं मी म्हणणार नाही. बाहेर पन्नास पेशंट बसलेले असतात, पडद्यावर काळे ठिपके दिसले की निदान झालं असं वाटतं आणि वास येतो का हे विचारायचं राहून जातं. तुमचा धागा वाचल्यापासून मी तो प्रश्न केसपेपरवर छापून घेतलाय.

रेफसममध्ये काय दिसतं ते सांगतो. ठरावीक काळे, हाडाच्या पेशींसारखे फाटे असलेले ठिपके सुरुवातीला नसतातही, नुसता मीठ-मिरी पसरल्यासारखा पडदा असतो. रक्तवाहिन्या बारीक, डोळ्याच्या मज्जातंतूचं टोक फिकट. ईआरजी ही पडद्याची विजेची तपासणी आधीच मंदावलेली असते. बाहुल्या बारीक आणि थेंबांना दाद न देणाऱ्या, हे दादांच्या बाबतीत त्या डॉक्टरनी टिपलं, ते महत्त्वाचं. मोतीबिंदूही लवकर येतो. वास जाणं जवळजवळ प्रत्येकात असतं. बोटांची हाडं आखूड असणं साधारण एकतृतीयांश रुग्णांत. ऐकू कमी येतं म्हणून कित्येकदा अशर सिंड्रोम असं चुकीचं निदान होतं, कारण तिथेही आरपी आणि बहिरेपण एकत्र असतं. फरक ठरतो तो रक्तातल्या फायटॅनिक ॲसिडवर. रेफसममध्ये ते बहुधा २०० मायक्रोमोलच्या वर सापडतं.

सिग्वाल्ड रेफसम या नॉर्वेच्या मेंदूविकारतज्ज्ञाने १९४६ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. त्याला कारण ठाऊक नव्हतं. १९६३ मध्ये जर्मनीत क्लेंक आणि काल्के यांना रुग्णाच्या चरबीत हे ॲसिड सापडलं, आणि १९६६ मध्ये नॉर्वेतल्याच डॉक्टरांनी आहार बदलून ते उतरतं असं दाखवलं. नॉर्वेही आपल्यासारखाच किनारा आणि आपल्यासारखाच माशांवर जगणारा, वर लोणी-चीजचा. तिथल्या माणसांनी ते सोडून दाखवलं.

हर्णैकर

डॉक्टर, माझे वडील ६३ वर्षांचे. आरपी ३५व्या वर्षापासून. आता संध्याकाळी पाचनंतर त्यांना घराबाहेर पडता येत नाही. वास उत्तम येतो, बंदरावर लिलावात कुठली मासळी आलीय ते घरातून सांगतात. कालपासून आईने हा धागा वाचून त्यांचे मासे बंद केलेत आणि घरात वादावादी चाललीय. काय करू?

वाशिष्ठीकाठ

आज रात्री त्यांना मासे वाढा.

हे मोठ्याने सांगायला हवं : आरपी असलेल्या प्रत्येकाने मासे आणि दूध सोडायचं नाही. हे पथ्य फक्त ज्यांच्या रक्तात हे ॲसिड वाढलेलं आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी सोडलं तर डोळ्यांना काहीही फायदा नाही, आणि उतारवयात प्रथिनं कमी पडतील ते वेगळंच. वडिलांना वास येतो, आणि पाय बधिर नसतील, कातडी ठीक असेल, तर रेफसमची शक्यता फारच कमी. तरीही २८ वर्षांत कधी रक्त तपासलं नसेल, तर एकदा तपासून मोकळे व्हा. अहवाल येईपर्यंत जेवण नेहमीचं.

उलटही सांगतो. कुणीही स्वतःच्या मनाने अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेत बसू नये. यकृताला त्रास होतो. आणि रेफसम असलेल्याने माशाच्या तेलाच्या गोळ्या तर मुळीच नाही.

पांढरी_जास्वंद

सड्यावरची, बाळा, तुझ्या दादासाठी रोज रामरक्षा म्हणते आहे. पण उपवास अगदीच सोडायचे का गं? संकष्टी तरी? आमच्याकडे माणूस अंथरुणावर असला तरी एकादशी मोडत नाहीत. मन मानत नाही.

सड्यावरची

काकू, तुमचं म्हणणं कळतं. दादालाही नवरात्र सोडणं मासे सोडण्यापेक्षा जड गेलं. देवीच्या देवळात त्याच्या हातून घट बसायचा.

पण संकष्टीसुद्धा नाही. डॉक्टरांनी चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवायचं नाही असं सांगितलंय. वजन एकदम उतरता कामा नये. ताप आला, जुलाब झाले, जेवण गेलं की लगेच दवाखाना, सलाईनमधून साखर. कारण साठा पायांवरच नाही, हृदयाच्या ठोक्यांवरही येतो. दरवर्षी ईसीजी असतो. गेल्या वर्षी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तेव्हाही आधी उपाशी ठेवण्यावरून आम्ही भुलीच्या डॉक्टरांना कागद दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी पहिला नंबर लावला आणि सलाईन चालू ठेवलं.

आमच्या गुरवांनी यातून वाट काढली. ते म्हणाले, लोक नऊ दिवस खाणं सोडतात, तू मासे-दूध कायमचं सोडलंयस, मग तुझं तर बाराही महिने व्रतच चाललंय. दादा आता घट बसवतो आणि पोटभर जेवतो. पंचामृत मात्र हातावर घेऊन डोळ्यांना लावतो, पीत नाही.

आंबोलीचा_पाऊस

हा धागा नात्यातल्या सगळ्यांना पाठवलाय. माझी मावसबहीण सावंतवाडीची, ३४ वर्षांची. तिचा आजार वेगळा, पण वाट हीच.

शाळेपासून तिला मोठा मायनस नंबर, आता उणे नऊ. दहावीनंतर रात्रीचं दिसेना. तिशीच्या आत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पडद्यावर कडेला गोल गोल, नकाशातल्या बेटांसारखे पांढरे चट्टे, एकमेकांना जोडत आत येणारे. तिलाही आधी आरपीच म्हटलं होतं. मग एका ठिकाणी रक्तातलं ऑर्निथिन तपासलं, ते सामान्याच्या दहापटीहून जास्त निघालं. नाव जायरेट ॲट्रॉफी.

तिला मासे काय, डाळही मोजून. प्रथिनांतलं आर्जिनिन शरीरात ऑर्निथिन होतं आणि ते पुढे मोडत नाही. शेंगदाणे, काजू, उसळी, अंडी, चिकन, सगळं तराजूवर. काही रुग्णांना बी६ जीवनसत्त्व जास्त मात्रेत दिलं की ऑर्निथिन उतरतं, तिला थोडा गुण आला. घरी वजनकाटा ओट्यावर कायम मांडलेला असतो, मिठाच्या बरणीशेजारी. तिचा मुलगा सात वर्षांचा, तोच आता "आई, तीस ग्रॅम" असं वाचून सांगतो.

माझा मुद्दा हा की तुमच्या दादाला आणि माझ्या बहिणीला एकाच नावाखाली घरी पाठवलं होतं, आणि दोघांचं पथ्य एकमेकांशी अजिबात जुळत नाही. त्यामुळे दुसऱ्याचं पथ्य उचलून आपल्याला लावू नये. आधी रक्त.

वाशिष्ठीकाठ

अगदी बरोबर. या गटात आणखी एक आहे, ज्यात आतड्यातून चरबी नीट शोषली जात नाही आणि अ व ई जीवनसत्त्वं मिळत नाहीत, त्यात ती जीवनसत्त्वं मोठ्या मात्रेत देतात. नुसतं ई जीवनसत्त्व न टिकण्याचाही एक वारसा-आजार आहे.

आणि पडद्याच्या पलीकडेही : विल्सनच्या आजारात तांबं साठून बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं येतं, फॅब्री नावाच्या आजारात बुबुळावर भोवऱ्यासारख्या रेषा उमटतात. त्यांनी नजर जात नाही, पण यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार त्यातून लवकर ओळखता येतो. होमोसिस्टिनुरिया या आजारात डोळ्यातलं भिंगच जागेवरून सरकतं. तिशीच्या माणसाचं भिंग मार न लागता सरकलेलं दिसलं की मी आता लघवी आणि रक्त तपासल्याशिवाय सोडत नाही.

करूळघाट

धाग्याशी थोडं जोडून. मी अपंगत्व प्रमाणपत्राच्या कामात लोकांना मदत करतो. आरपीवाल्या पुष्कळांना वाटतं की आपण चार्टवरची शेवटून दुसरी ओळ वाचतो म्हणजे प्रमाणपत्र मिळणार नाही. तसं नाही. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दृष्टिक्षेत्रही धरलेलं आहे. चांगल्या डोळ्याचं क्षेत्र ४० अंशांच्या खाली आलं की अल्पदृष्टी, १० अंशांच्या खाली आलं की अंधत्व, मग समोरचं अक्षर कितीही स्पष्ट दिसो. जाताना पेरिमेट्रीचा, म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा, ताजा कागद न्यायचा. त्याशिवाय बोर्डापुढे बसून उपयोग नाही. आधी ऑनलाइन यूडीआयडीसाठी, म्हणजे अपंगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज, मग जिल्हा रुग्णालय.

ताई, दादांचं झालंय का?

सड्यावरची

झालं, धन्यवाद. पहिल्यांदा परत पाठवलं होतं, कारण आम्ही फक्त चष्म्याचा कागद नेला होता. दुसऱ्यांदा पेरिमेट्री नेली. दादाचं क्षेत्र १५ अंशांच्या आसपास आहे.

ती तपासणी बघितली नसेल त्यांच्यासाठी : पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कुठेही प्रकाशाचा बारीक ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी शेजारी बसले होते. मला कडेचे ठिपके एकामागून एक दिसत होते आणि दादाचा अंगठा हलत नव्हता. तोपर्यंत त्याला किती कमी दिसतं हे मला कळलेलंच नव्हतं. बावीस वर्षं एका घरात राहून.

माजघर

ताई, एक नाजूक प्रश्न. आमच्यातही मामाची मुलगी करतात, माझंच तसं आहे. मुलं लहान आहेत. भीती वाटतेय.

सड्यावरची

घाबरू नका. नात्यात लग्न झालं म्हणजे आजार होतोच असं नाही. आमच्या समुपदेशक बाईंनी कागदावर काढून दाखवलं : आई आणि बाबा दोघांकडे दोषाची एकेक प्रत, दोघंही ठणठणीत. प्रत्येक मुलाला दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता चारात एक. नातं जवळचं असेल तर दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते, एवढंच. माझं रक्त तपासलं, ॲसिड नेहमीइतकंच आहे. दादाची मुलं वाहक आहेत, आजारी नाहीत. वहिनीकडे हा दोष नाही.

तुमच्या घराण्यात कुणाला आरपी, लहानपणापासून बहिरेपण, असं काही नसेल तर उगीच तपासण्या करत फिरू नका. असेल तर आधी जनुकीय समुपदेशन घ्या. २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात मुंबईचं केईएम हे नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. कोकण रेल्वेने रात्री बसलं की सकाळी पोचतो.

निवतीचा_दीप

मला स्वतःला आरपी आहे, वय ४६, जीन तपासलाय, उपाय नसलेल्या गटातला. हा धागा वाचून पहिल्यांदा थोडं वाईट वाटलं की माझा रेफसम का नाही. मग वाटलं, मला निदान हे तरी ठाऊक आहे की माझं काही शोधायचं राहून गेलेलं नाही. त्याला किंमत आहे.

दादांसाठी : पडवीच्या पायरीच्या कडेला पिवळी पट्टी रंगवा, चार बोटं रुंद. आणि डोक्याला लावायची बॅटरी घ्या, पागोळ्यांच्या दिवसांत दोन्ही हात मोकळे लागतात. कधी बोलावंसं वाटलं तर माझा नंबर तुम्हाला निरोपातून देतो. संध्याकाळी साडेसहानंतर मी घरीच असतो.

सड्यावरची

दादाने तुमचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. उद्या फोन करेल.

हर्णैकर

पाच आठवड्यांनी लिहितोय. वडिलांचा रिपोर्ट आला. फायटॅनिक ॲसिड नॉर्मल, ऑर्निथिन नॉर्मल. म्हणजे आमचं ते नाही. डॉक्टरांनी आता जीनची तपासणी सुचवलीय, माझ्या मुलींच्या दृष्टीने. वडील म्हणाले करू या.

मात्र तपासायला गेलो तेव्हा प्रतीक्षागृहात एक गुहागरकडचे जोडपं भेटलं. नवरा पस्तिशीचा, आरपी. बोलता बोलता मी वासाचं विचारलं. बायको म्हणाली, यांना लहानपणापासून नाही, म्हणून मी सुकट भाजते तेव्हा हेच चुलीजवळ बसतात. मी त्यांना हा धागा उघडून दिला आणि आत डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांचंही रक्त त्याच दिवशी घेतलं.

सड्यावरची

त्यांना माझा नंबर द्या. रिपोर्ट येईपर्यंतचे आठवडे फार लांब जातात. आणि त्यांच्या बायकोला आजच सांगा, रिपोर्ट काहीही येवो, तोवर त्यांना उपाशी राहू देऊ नका. श्रावण चालू आहे.